क्रूझ टर्मिनलला हरकत घ्यायची तर आधी गाळाचा हिशेब मागा

टर्मिनलची देखणी चित्रं बाजूला ठेवा. खरा प्रश्न पाण्याखाली आहे.

३०० मीटर लांबीच्या क्रूझ जहाजाला साधारण ८ ते ९ मीटर पाणी लागतं; तळाशी मोकळीक सोडायची म्हणून मार्ग त्याहून खोल खणावा लागतो. जहाज वळवायला त्याच्या लांबीच्या दीड ते दोनपट व्यासाची जागा हवी. हे वर्तुळ आराखड्याच्याच मापाने कंपास घेऊन नकाशावर काढा. ते मासेमारीच्या जागेवर किंवा समुद्री गवतावर येतं का, हे बघणाऱ्याला लगेच कळतं. मग लेखी विचारा: सुरुवातीला किती घनमीटर गाळ काढणार, दरवर्षी किती, आणि टाकणार कुठे? दरवर्षीचा आकडा सोडू नका. खणलेला मार्ग पुन्हा भरतो, त्यात अडकलेली वाळू पुढच्या किनाऱ्याला मिळत नाही आणि तो झिजतो.

किनाऱ्याचे फोटो दर महिन्याला, ओहोटीला, एकाच खुणेपासून काढा. एका हंगामाचे पुरत नाहीत. वादळी लाटा वाळू नेतात, शांत दिवसांत ती परत येते.

छापील मजकुराच्या शंभर प्रती बहुतेकदा एकच हरकत धरल्या जातात. प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत, प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालातला परिच्छेद क्रमांक देऊन लिहावं आणि पोच घ्यावी.

नुसत्या स्थानिक मतदानावर विसंबू नका. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या ‘की वेस्ट’ या शहराच्या मतदारांनी २०२० मध्ये मोठ्या क्रूझ जहाजांवर मर्यादा घातल्या. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्याने त्या रद्द झाल्या. वरच्या पातळीवरचे आमदार-खासदार पहिल्या महिन्यातच गाठा.