आयरिश पणजोबांची जन्मनोंद सापडत नव्हती, ती अशी सापडली (माझा अनुभव)

माझ्या सासूबाई मूळच्या आयरिश. त्यांच्या आजोबांचा (म्हणजे माझ्या नवऱ्याच्या पणजोबांचा) जन्म वॉटरफर्ड परगण्यातल्या एका खेड्यात १८६७ च्या सुमारास झाला, एवढेच घरात ठाऊक होते. आयरिश सरकारच्या संकेतस्थळावर नाव, आडनाव पॉवर, साल आणि परगणा घालून शोधले की एकतर काहीच येत नसे, नाहीतर त्याच नावाची डझनभर मुले समोर येत. १९११ च्या जनगणनेतले वयही जुळेना. चार महिने हातात काहीच लागले नाही, याचा मनस्ताप झाला.

शेवटी उलट्या क्रमाने गेले. प्रथम त्यांची विवाहनोंद काढली, कारण तीत वडिलांचे नाव व व्यवसाय आणि वर-वधूचे राहते ठिकाण, म्हणजे वाडी, असते. त्या वाडीचे नाव १८५१ च्या वाड्यांच्या सूचीत पाहिले आणि ती कोणत्या 'पुअर लॉ युनियन'मध्ये (गरिबांच्या मदतीसाठी आखलेल्या विभागात) येते ते टिपले. गोम इथेच होती: नोंदणीचे जिल्हे परगण्यांप्रमाणे नसून या युनियनप्रमाणे आखलेले होते, आणि आमची वाडी वॉटरफर्डमधली असूनही कॅरिक-ऑन-शूर जिल्ह्यात मोडत होती, ज्याचे मुख्य गाव टिपररीत आहे. मग परगणा न घालता तोच जिल्हा निवडला, वर्षे १८६४ ते १८७२ अशी सैल ठेवली (सर्वांची जन्मनोंदणी १८६४ पासूनच सुरू झाली) आणि प्रत्येक मूळ पानाची प्रतिमा उघडून वडिलांचे नाव व वाडी ताडली.

नोंद १८६५ ची निघाली. माहिती देणाऱ्या आईच्या सहीच्या जागी फुलीची खूण आहे.