सावली बघा, कुणालातरी हाक मारा, आणि उन्हात जा

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात माझी पाठ आणि टाचा सतत दुखायच्या, जिना चढताना मांड्या भरून यायच्या, मला वाटलं वय झालं असेल, पण सत्तेचाळीस म्हणजे काही तेवढं वय नाही. रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी आलं 11. मिलीलीटरमागे वीस नॅनोग्रॅमच्या खाली असलं की कमतरता धरतात. मला खरंच धक्का बसला, पुण्यात राहते, इथे ऊन काय कमी आहे का, आणि वर मी रोज सकाळी साडेसातला कोवळ्या उन्हात फिरायला जात होते, आई लहानपणापासून सांगत आली तसं. डॉक्टरांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, तेव्हा तुमची सावली केवढी असते हो?

कधी बघितलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी बघितली, रस्ताभर लांब.

तर पहिली शिकायची गोष्ट ही सावलीची. व्हिटॅमिन डी तयार होतं ते उन्हातल्या यूव्हीबी किरणांमुळे (न दिसणाऱ्या अतिनील म्हणजे यूव्ही किरणांचा एक प्रकार), आणि सूर्य खाली असला की ते किरण वातावरणातून तिरके लांबचा रस्ता कापत येतात, त्यामुळे बहुतेक वाटेतच शोषले जातात. साधा हिशोब म्हणजे तुमची सावली तुमच्यापेक्षा लांब असेल तर डी फारसं बनत नाही, सावली तुमच्या उंचीपेक्षा छोटी झाली की बनायला लागतं. कोवळं ऊन वाईट नाही हं, सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्री झोप चांगली येते, मी तो सोडलेला नाही, पण डी साठी त्याच्यावर अवलंबून राहू नका.

आता घड्याळात सांगायचं तर, पुण्यामुंबईकडे मे महिन्यात सकाळी साडेनऊच्या आसपासच सावली आपल्यापेक्षा छोटी होते (मेच्या मधल्या आठवड्यात तर दुपारी साडेबाराच्या सुमारास ती पायाखालीच जाते, शून्य सावलीचा दिवस म्हणून पेपरात येतं ना, तेच). डिसेंबरात मात्र साधारण साडेअकरा ते दीड एवढाच वेळ मिळतो. म्हणजे थंडीत दुपारी बाराचं ऊन आणि उन्हाळ्यात सकाळी साडेनऊ-दहाचं. माझा सगळा नियम हा एवढाच आहे आणि तो पाठ करायची पण गरज नाही, खाली बघितलं की कळतं.

किती वेळ बसायचं हे सगळे विचारतात. इंटरनेटवर दहा मिनिटं पुरे असं वाचाल, ते बहुतेक गोऱ्या कातडीच्या लोकांसाठी लिहिलेलं असतं. आपल्या कातडीत मेलॅनिन म्हणजे रंगद्रव्य जास्त, ते यूव्ही अडवतं, म्हणून आपल्याला त्यांच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. साठीनंतर तर कातडीची डी बनवायची ताकद पण कमी होते. मी थंडीत अर्धा तास बसते, आठवड्यातून चार दिवस, कोपरापर्यंत हात आणि गुडघ्याखाली पाय उघडे ठेवून. उन्हाळ्यात सकाळीच पंधरा मिनिटं, बास. कातडी चुरचुरायच्या आधी उठायचं, लाल होईपर्यंत किंवा भाजेपर्यंत बसून जास्त डी मिळत नाही, नुसतं नुकसान होतं. चेहऱ्यावर मी सनस्क्रीन लावते आणि डोक्यावर टोपी किंवा पदर, कारण मला वांग आहे आणि उन्हाने तो गडद होतो. चेहरा झाकला तरी काही बिघडत नाही, हातापायांची कातडी कितीतरी जास्त आहे.

दोन चुका मी स्वतः वर्षानुवर्षं करत होते. एक म्हणजे हॉलच्या स्लायडिंगच्या काचेमागे खुर्ची टाकून बसायचे, छान ऊन यायचं अंगावर, पण साध्या काचेतून यूव्हीबी येतच नाही, यूव्हीए हा दुसरा प्रकार येतो, म्हणजे कातडी काळवंडणार आणि डी काही मिळणार नाही. काच सरकवून बसा. दुसरं म्हणजे गाडीवरचं ऊन. आपल्याकडे बायका स्कूटीवर निघताना तोंडाला स्कार्फ, हातात मोजे, वरून सनकोट, आणि त्या धुरात धुळीत ते बरोबरच आहे, फक्त दिवसभर उन्हात फिरते म्हणून मला डी मिळत असेल असं धरू नका.

ज्यांना ल्युपस आहे (उन्हाने वाढू शकणारा एक आजार), किंवा ज्यांच्या गोळ्यांनी कातडी उन्हाला जास्त संवेदनशील होते (डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक त्यातलंच एक) त्यांनी हे सगळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

आता गोळ्यांबद्दल जरा कळकळीने सांगते. त्या साठ हजार युनिटच्या कॅप्सूल किंवा पुड्या असतात ना, दुधातून आठवड्याला एक, मला आठ आठवडे दिल्या होत्या आणि मग परत तपासणी. पण खूप घरांत त्या आठ आठवड्यांनंतर पण चालूच राहतात, ताकदीच्या आहेत म्हणून सासूबाईंना पण देतात, शेजारणीला पण सांगतात. डी चरबीत साठतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. फार झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, आणि किडनीला इजा. उन्हाने असं कधीच होत नाही, कारण कातडीत जास्तीचं बनलं तर ऊनच ते मोडून टाकतं, शरीराने किती छान सोय केलीय बघा. खाण्यातून थोडंसं येतं, बांगडा, तारली, अंड्याचा बलक, आणि दुधाच्या पिशवीवर निळं प्लस एफचं चिन्ह असेल तर त्यात ए आणि डी घातलेलं असतं.

हे सगळं कळलं तरी मी आठ दिवसांत बंद पडले. घरून काम, बाराला मीटिंग, टेरेसची किल्ली सिक्युरिटीकडून मागायची, एकटीने वर जाऊन खुर्चीवर बसायचं, वेडं वाटायचं, काय करतेय ही असं कोणीतरी समोरच्या बिल्डिंगमधून बघत असेल असं वाटायचं. मग मार्चमध्ये एकदा वर गेले तर सी विंगमधल्या एक काकू साबुदाण्याच्या पळीपापड्या घालत होत्या. प्लास्टिकचा कागद वाऱ्याने उडत होता, त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "अगं ते टोक धर आधी, आणि तो दगड ठेव त्याच्यावर." मी धरलं. मग एक पळी माझ्या हातात दिली, गरम पीठ मधोमध ओतायचं आणि पळीच्या पाठीने गोल फिरवायचं, माझ्या पहिल्या पाचसहा फाटल्या, त्यांनी काही न बोलता शेजारी नीट घातलेल्या दाखवल्या. चाळीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. उतरताना म्हणाल्या, उद्या उलटायच्यात, येतेस का?

मला तेव्हा आमच्या वाड्यातली आई आणि तिच्या मैत्रिणी आठवल्या. कुरडयांचा चीक हाटायला सकाळी सातलाच सगळ्या जमायच्या, आम्हा मुलांना वाटीत गरम चीक आणि कावळे हाकलायची ड्यूटी, अकरापर्यंत सगळं आवरून बायका सावलीत. ऊन, हातपाय हलणं, आणि मनातलं बोलणं, तिन्ही एकाच कामात व्हायचं आणि कोणी त्याला हेल्थ म्हणत नव्हतं. आता पापड विकत मिळतात, ऊन गोळीत मिळतं आणि मैत्रिणी मोबाईलवर, म्हणून तिन्ही सुटं सुटं झालंय आणि तिन्ही राहून जातं. माझं एवढंच सांगणं आहे की ते परत एकत्र बांधा, उन्हाची वेळ आणि माणसाची वेळ एकच ठेवा.

मैत्रीचा तब्येतीशी संबंध आहे हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. 2010 मध्ये अमेरिकेत ज्युलियन होल्ट-लनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 148 अभ्यास एकत्र करून बघितले, तीन लाखांवर माणसं त्यात होती, आणि ज्यांची नाती घट्ट त्यांची त्या काळात जगण्याची शक्यता 50 टक्के जास्त निघाली. हार्वर्डचा एक अभ्यास 1938 पासून चालू आहे, त्याच माणसांच्या मागे आयुष्यभर राहून, त्यात पण नाती चांगली असणारे लोक म्हातारपणी जास्त धडधाकट आणि आनंदी दिसतात.

मग जोडायची कशी. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी 2018 साली हिशोब मांडला होता की ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण 50 तास लागतात, नीट मैत्री व्हायला 90, आणि अगदी जिवलग व्हायला 200 च्या वर. मला हा आकडा वाचून खूप धीर आला, कारण चाळिशीनंतर आपलं कोणाशी पटत नाही असं वाटतं ते बरेचदा नुसते तास कमी पडलेले असतात. आठवड्यातून चारदा अर्धा अर्धा तास म्हणजे वर्षाला शंभरच्या वर तास झाले.

विचारताना मोघम विचारू नका. "भेटूया कधीतरी" म्हणजे कधीच नाही. "मंगळवारी बाराला मी टेरेसवर संत्री घेऊन बसणारे, तू पण ये, अर्ध्या तासाने मी उठणार" असं सांगा, समोरच्याला किती वेळ जाणार ते कळलं की हो म्हणणं सोपं जातं. हातात काहीतरी काम असू दे, मेथी निवडणं, शेंगा सोलणं, लसूण, काहीही, हात कामात असले की बोलणं आपोआप होतं आणि गप्प बसलं तरी अवघड वाटत नाही. पुरुषांना तर हे जास्त लागू आहे, माझ्या नवऱ्याला "मित्राशी बोल" म्हटलं की तो बोलत नाही, पण रविवारी दोघं मिळून गाड्या धुतात तेव्हा सगळं बोलतात.

आधार देणारी मैत्रीण कोण हे ओळखायची माझी खूण म्हणजे तिच्याकडून उठल्यावर श्वास मोकळा झालाय की छाती जड झालीय हे बघायचं. दरवेळी तुलना, दरवेळी दुसऱ्यांच्या कागाळ्या असतील तर तिथले तास कमी करा, भांडायची गरज नाही. आणि आपली पाळी येते तेव्हा ऐकायचं. आमच्या काकूंचे यजमान गेल्यावर पहिल्या वर्षी सगळे त्यांना सांगत होते मन रमवा, देवाचं करा, छंद लावून घ्या. त्या मला एकदा म्हणाल्या, मला कोणी विचारलंच नाही गं की ते चहा कसा प्यायचे. मी विचारलं. त्यांनी अर्धा तास सांगितलं, बशीत ओतून, साखर दोन चमचे, खाली उरलेला गाळ झाडाला. तेव्हापासून मी सल्ला द्यायच्या आधी एक प्रश्न विचारते, आणि समोरची रडली तर रडू देते.

उन्हाळ्याचा मात्र वेगळा विचार करा, विशेषतः नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे जिथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तिथे एप्रिल-मेमध्ये अकरा ते चार बाहेर बसण्याचा विषयच नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये खारघरला भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने माणसं गेली, आणि ते समुद्राजवळच्या दमट हवेत, घाम वाळतच नाही तिथे. कोणी उन्हात बडबडायला लागलं, अंग तापलेलं, चक्कर, उलटी असं झालं तर सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि लगेच दवाखाना, माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. आणि इथे पण सोबत असण्याचा फायदा आहे, स्वतःला ऊन लागतंय हे स्वतःला उशिरा कळतं, शेजारची आधी बघते. पन्हं, ताक, कोकम सरबत जे असेल ते बरोबर न्या.

पावसाळ्यात उघडीप पडली की मी मेसेज टाकते, "आलंय", एवढंच. परदेशात असाल तर गणित वेगळं, माझी बहीण मँचेस्टरला असते, तिथे ऑक्टोबर ते मार्च उन्हात डी बनतच नाही म्हणावं इतका कमी सूर्य, म्हणून त्यांचं सरकारच सगळ्यांना त्या महिन्यांत रोज 10 मायक्रोग्रॅम घ्यायचा विचार करा म्हणून सांगतं आणि आपल्या वर्णाच्या लोकांना वर्षभर. ती गोळी घेते, पण दुपारी बाराला ऑफिसातल्या एका पंजाबी मैत्रिणीबरोबर चक्कर मारायला जातेच, ढग असले तरी.

सोसायटीची गच्ची कुलूपबंद असेल तर एकटीने भांडू नका, चारपाच जणींच्या सह्या घेऊन कमिटीकडे अर्ज द्या, अकरा ते एक गच्ची उघडी ठेवा आणि किल्लीची जबाबदारी आम्ही घेतो असं लिहा. आमची तशीच उघडली. माझं डी गेल्या थंडीत 31 आलं, काकूंचं अजून 24 आहे, त्या गोळी पण घेतात. आणि खंड पडला, पाहुणे आले, आजारपण झालं, तर सोमवारपासून सुरू करू असं ठरवत बसू नका, ज्या दिवशी आठवेल त्या दिवशी खाली वाकून सावली बघा, छोटी असेल तर फोन करा, "मी वर चाललेय, येतेस?"