निंदणीतलं तण बांधावर टाकण्याआधी

सोयाबीन वीस-पंचवीस दिवसांचं झालं की पहिली निंदणी लागते. तण खाई धन, हे खरंच. पण त्या खाल्ल्यातलं थोडं परत काढून घेता येतं: तण गुळात आंबवून त्याचा अर्क पिकावर फवारायचा. केना, घोळ, तांदुळजा, टाकळा ही तणं त्यासाठी बरी, मात्र फुलावर आलेली नकोत. वाढीची संप्रेरकं कोवळ्या शेंड्यात जास्त असतात, म्हणून ऊन चढण्याआधी शेंडेच खुडा.

2 किलो शेंडे न धुता बारीक चिरायचे आणि तेवढाच काळा गूळ किसून मडक्यात थरावर थर द्यायचे. तोंडाला फडकं बांधा. झाकण घट्ट लावलं तर आत वायू साठतो. सावलीत आठवडाभरात पाणी सुटतं, आंबट-गोड वास येतो. सडका वास आला तर सरळ उकिरड्यात ओता.

आता महत्त्वाचं म्हणजे प्रमाण. लिटरभर पाण्याला 2 मिली अर्क, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 30 मिली. जास्त घातलं की जास्त जोर येईल, हा हिशोब इथे उलटा पडतो. तणांत शेजारच्या रोपाला दाबणारी द्रव्यंही असतात. पातळ द्रावण वाढीला हात देतं, तेच दाट झालं की वाढ खुंटवतं. खात्री घरीच करा. तीन वाट्यांत मूग भिजवा: एकीत साधं पाणी, दुसरीत लिटरला 2 मिलीचं द्रावण, तिसरीत 20 मिलीचं. तिसऱ्या दिवशी मोडांची लांबी बघा. मग दोन ओळींवर फवारा, आठ दिवस थांबा. फवारणी सकाळी किंवा उन्हं कलल्यावर, आणि बुरशीनाशकात मिसळू नका.

लव्हाळ्याच्या गाठी ठेचून त्या पाण्यात कलमाच्या काड्या बुडवायची पद्धत ब्राझीलमध्ये आहे. मुळं फुटायला मदत होते म्हणतात. दहा-वीस काड्यांवर करून बघायला हरकत नाही, पण सगळी रोपवाटिका त्यावर टाकू नका.

गाजरगवताच्या मात्र वाटेला जाऊ नका. अंगाला खाज, शिवाय त्याचा अर्क उगवण मारतो. फुलाआधी उपटून त्याचं कंपोस्टच करा, तेही हातमोजे घालून. धोतरा, रुई भाजीपाल्यावर नकोच. शहराखालच्या नदीतली जलपर्णी सांडपाण्यातले जड धातू शोषते, तीही वगळा. आणि तणनाशक मारलेल्या रानातलं एक पानही नको. शेजाऱ्याने उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं असेल तर त्या बांधावरचं तणही सोडा. कापूस, टोमॅटो, द्राक्षाला त्याचा अंशही सोसत नाही.

या अर्काने खताची गोणी वाचणार नाही. पंपातल्या 30 मिलीत नत्र असणार तरी किती? शिफारशीचं खत द्यायचंच. उरलेला चोथा उकिरड्यात जाऊ द्या. लव्हाळ्याच्या गाठी असतील तर आधी कडक उन्हात वाळवा, नाहीतर पुढच्या वर्षी खताबरोबर रानभर त्याच गाठी उगवतील.