हरिकेन येतंय आणि मत्स्यालयाचं काम अर्धवट: या चुका टाळा

अमेरिकेच्या अटलांटिक आणि गल्फ किनाऱ्यावर हरिकेनचा (तिथल्या चक्रीवादळांचा) हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. तिथे मत्स्यालय किंवा म्युझियम उभारायचं तर निम्मं वर्ष आभाळाकडे बघतच काम करावं लागतं. वादळाची योजना प्रत्येकाच्या फायलीत असतेच. पण ती बहुधा पूर्ण झालेल्या इमारतीची असते. तुमच्या इमारतीला अजून दारंही बसलेली नसतात.

पहिली चूक म्हणजे ‘वॉर्निंग आली की आवरू’. हरिकेन वॉच (वादळ येऊ शकतं असा इशारा) वादळी वारे सुरू होण्याच्या साधारण ४८ तास आधी येतो, आणि वॉर्निंग (वादळ येणार असा इशारा) ३६ तास आधी. त्या वेळात मचाण उतरवायचं, क्रेट हलवायचे, आणि कामगारांना स्वतःचं घरही आवरायचं असतं. हवामान अंदाजाच्या नकाशावर काढलेल्या शंकूबाहेर आहोत म्हणून निवांत राहणंही तितकंच घातक. तो शंकू फक्त वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो. समुद्राचं पाणी किती आत घुसेल, हे त्यात नसतं.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. वादळाला पाच दिवस आहेत म्हणून ॲक्रिलिक पॅनेलच्या (टाकीच्या पारदर्शक भिंतीच्या) कडेचा सिलिकॉनचा सांधा भरायला घेतात. वरून बोट लावलं तर सुकलेला वाटतो, आत मात्र कच्चा असतो. मग पेच पडतो. रिकामी टाकी पुराच्या पाण्यात तरंगते: ३ मीटर लांब, २ मीटर रुंद टाकीभोवती अर्धा मीटर पाणी चढलं की तिला सुमारे ३ टनांचा उचल बसतो. फायबरग्लासची टाकी तेवढ्याने पाइप उपटून निघते. उपाय म्हणजे ती पाण्याने भरणं, पण सांधा कच्चा असेल तर भरता येत नाही. म्हणून हंगामात असा सांधा हाती घेण्याआधी अंदाज पाहा, आणि टाकी जमिनीला अँकर केल्याशिवाय घरी जाऊ नका.

जनरेटर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २००५ मध्ये कॅटरिना हरिकेनात न्यू ऑर्लिन्सच्या ऑडुबॉन मत्स्यालयाच्या इमारतीला फारसं काही झालं नाही. पण वीज गेली, जनरेटरही टिकला नाही, आणि बहुतेक मासे मेले. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्क मत्स्यालयाच्या तळघरात समुद्राचं पाणी शिरलं. पंप आणि विजेची यंत्रणा नेमकी तिथेच होती. त्याच वादळाने मॅनहॅटनमधल्या व्हिटनी म्युझियमच्या बांधकामातही पाणी घातलं. पूरभिंतींचा आराखडा त्यानंतर बदलला आणि २०१५ मध्ये इमारत उघडली. तुमचे तात्पुरते विजेचे बोर्ड कुठे टांगलेत, एकदा खाली जाऊन बघाच.

म्युझियमच्या वस्तूंबद्दल थोडक्यात: क्रेट जमिनीवर टेकवू नका, ठोकळ्यांवर ठेवा. वस्तू प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका. एसी बंद पडला की आतच दव धरतं.

मधेच वारा थांबला म्हणून छतावर चढू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो. पुढचा वारा उलट्या दिशेने येतो.

वादळ गेल्यावर दोन तक्रारी हमखास येतात. एक, सम्प (टाकीखालचा पाणी जमा होणारा हौद) ओसंडून फरशीवर पाणी. पंप बंद पडले की टाकीतलं पाणी परतीच्या पाइपमधून उलटं वाहतं. बहुतेकदा चेक व्हॉल्व्हमध्ये (पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या झडपेत) बांधकामाचा कचरा अडकलेला असतो. तो उघडून साफ करा. दुसरी, वीज आल्या आल्या माशांची घुसमट. बंद पडलेल्या बायोफिल्टरमधले (जिवाणूंच्या मदतीने पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरमधले) जिवाणू काही तासांत ऑक्सिजन संपवतात, मग सडका वायू साचतो. झाकण उघडल्यावर कुजक्या अंड्यांचा वास आला तर पंप थेट टाकीला जोडू नका. फिल्टरमधलं पाणी आधी बाहेर काढून टाका, स्वच्छ पाण्याने धुवा, हवा सुरू करा, आणि वास पूर्ण गेल्यावरच जोडा. पुढचे कित्येक दिवस अमोनिया रोज मोजा, आणि खाऊ निम्म्यावर आणा.