भाषण दुसऱ्या दिवशी ऐका

गणपतीत मंडळापुढे बोलायचं असो की सोसायटीच्या सभेत, कुणाला तरी मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. त्याच रात्री ऐकू नका, तेव्हा कानात टाळ्याच असतात. मी सकाळी सांगलीत कृष्णेच्या घाटावर बसून, स्क्रीन न बघता, नुसतं ऐकते. पहिल्यांदा ५ मिनिटांत 'म्हणजे' १९ वेळा सापडलं, आणि वाक्यांचे शेवट गिळलेले. मराठीत क्रियापद शेवटी येतं. तेच विरलं तर 'केलं' की 'केलं नाही', मागच्या रांगेला कळणार कसं? म्हणून वाक्य संपेपर्यंत श्वास पुरवा, मग थांबा. 'म्हणजे'च्या जागी चक्क गप्प राहा. एका वेळी एकच खोड धरा. हातांचं काय चाललंय ते नंतर आवाज बंद करून बघा.