वणव्याचा धूर उपग्रहावरून पाहताना या चुका टाळा

फेब्रुवारी लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या डोंगरांत वणवे दिसू लागतात. त्याच दिवसांत निपाणी-चिकोडीकडे ऊस तुटलेल्या रानात पाचट पेटवलं जातं. हल्ली उपग्रहाला दिसलेल्या आगी लाल ठिपक्यांनी दाखवणारा नासाचा 'फर्म्स' नकाशा कुणीही मोबाईलवर उघडतो, हे चांगलंच आहे. पण तो चुकीचा वाचला तर नाहक भांडणं लागतात.

सगळ्यात मोठी चूक लाल ठिपक्याची. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या ग्रुपवर असा एक स्क्रीनशॉट फिरला. ठिपका ज्याच्या फडावर दिसत होता, त्या शेतकऱ्याला लोकांनी धारेवर धरलं. मी बांधावर जाऊन पाहिलं, तर त्याचा खोडवा हिरवागार. जळालेलं रान ओढ्यापलीकडचं होतं. उपग्रहावरच्या 'व्हिअर्स' या आग टिपणाऱ्या उपकरणाच्या चित्रातला एक चौकोन जमिनीवर साधारण 375 मीटर लांब-रुंद असतो, म्हणजे जवळपास 35 एकर. आग त्यात कुठेही असो, ठिपका चौकोनाच्या मध्यावर पडतो. 'मोडिस' या दुसऱ्या उपकरणाचा चौकोन तर किलोमीटरभराचा. ठिपका पाहून कुणाचं नाव घेऊ नका.

वेळही नीट वाचा. 08:00 लिहिलं असेल तर ती जागतिक प्रमाणवेळ. साडेपाच तास मिळवले की आपल्याकडचे दुपारचे दीड होतात. व्हिअर्सचे उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. संध्याकाळी पेटवलेलं पाचट तोवर विझून जातं. एकदा दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर काजळी पडली होती, आणि नकाशावर त्या दिवशी एकही ठिपका नव्हता.

जांबोटी-कणकुंबीकडचं सकाळचं धुकं अनेकांना धूर वाटतं. धुकं दरीच्या वळणांत साचतं आणि ऊन चढलं की विरतं. धूर एका टोकापासून निघतो आणि वारा नेईल तिकडे रुंद होत जातो. सकाळचं आणि दुपारचं उपग्रहचित्र शेजारी ठेवून पाहा.

धूळ ओळखणं अवघड, कारण अथणीकडच्या उन्हाळी रानावर ती रंगातच मिसळून जाते. जानेवारी 2022 मध्ये मुंबईपर्यंत आलेली धूळ अरबी समुद्रावर स्पष्ट दिसली, कारण खाली गडद पाणी होतं. जमिनीवर नकाशात 'एरोसोल इंडेक्स'चा, म्हणजे हवेतले कण दाखवणारा थर लावून पाहा, पण तो धूर आणि धूळ दोन्ही दाखवतो. फरक करायचा तर आगीचे ठिपके आणि वाऱ्याची दिशा सोबत बघावी लागते.

चित्रात धूर दिसला म्हणून तो आपल्या नाकाशीच आहे असं नाही. तो वरच्या वर निघून जात असू शकतो. घरात दम्याचं माणूस असेल तर जवळच्या हवा-मापन केंद्राचा पीएम 2.5 चा, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचा आकडा पाहूनच खिडक्या लावायच्या की नाही ते ठरवा.