ट्रेसिंग चालू केलं की कर्नल कोसळायचा: एक्स८ ची गोष्ट

लिनक्स कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) फंक्शन ट्रेसिंगचा, म्हणजे कोणतं फंक्शन कधी चालतं याची नोंद ठेवणाऱ्या सोयीचा, एआरएम६४ (६४-बिट एआरएम प्रोसेसर) साठीचा असेम्ब्ली पॅच (कोडमधला बदल) तपासायला आला होता. ट्रेसिंग बंद असताना सगळं सुरळीत. चालू केलं की मोजकीच फंक्शन्स भलत्याच पत्त्यावर लिहायची.

लिनक्स ५.५ पासून इथे ट्रेस करता येणाऱ्या प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला दोन एनओपी (काहीच न करणाऱ्या सूचना) असतात. ट्रेसिंगच्या वेळी त्यांच्या जागी खऱ्या सूचना असतात: पहिल्यात परतीचा पत्ता एक्स९ या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागेत) ठेवला जातो, दुसऱ्यातून ट्रॅम्पोलिनला (ट्रेसिंगच्या मधल्या कोडला) उडी. ट्रॅम्पोलिनने आर्ग्युमेंट्सची (फंक्शनला दिलेल्या मूल्यांची) रजिस्टर्स जपायची. पॅच एक्स० ते एक्स७ इमानदारीने जपत होता, एक्स८ नाही. पण १६ बाइटांपेक्षा मोठं स्ट्रक्चर (अनेक मूल्यांचा एकत्र गठ्ठा) परत करायचं असेल, तर निकाल कुठे लिहायचा तो पत्ता एक्स८ मध्येच येतो. सी मध्ये हा पत्ता दिसतच नाही, म्हणून तो सहज निसटतो.

एक्स८ स्टॅकवर (फंक्शन्सच्या तात्पुरत्या साठवणीत) साठवायची एक ओळ वाढवली. रजिस्टर आठ बाइटांचं, पण जागा १६ बाइटांची घेतली; आठ रिकामे. कारण एसपी (स्टॅकच्या टोकाचा पत्ता) १६ च्या पटीत नसेल तर स्टॅकला हात लावताच अलाइनमेंट फॉल्ट येतो.

मग २४ बाइटांचं स्ट्रक्चर परत करणारं छोटं फंक्शन लिहिलं, नोइनलाइन लावून (नाहीतर कंपायलर ते बोलावणाऱ्या फंक्शनमध्येच गिळून टाकतो), आणि ट्रेसिंग चालू ठेवून चालवलं. निकाल बरोबर आला. ही चाचणी पॅचसोबतच जोडायला सांगितली.